काटा-पट्टी प्रोग्राम : हळदीच्या हंगामातल्या प्रकल्प नोंदी (मार्च-एप्रिल २०२५)

३ मार्च, सोमवार

प्रोग्राम माझाच, २०१७ चा. सांगली मार्केट यार्डातल्या एका हळदीच्या आडत दुकानासाठी केलेला. सी शार्प भाषेत, खिडक्या-बटणं मायक्रोसॉफ्टच्या विनफॉर्म्सची, आणि डेटा एस्क्यूलाइट या छोट्या डेटाबेसच्या एका फाइलीत. इलेक्ट्रॉनिक काट्यावरचं वजन सिरियल पोर्टमधून घ्यायचं, सौद्यात निघालेला दर लावायचा, हमाली-तोलाई वजा करायची आणि शेतकऱ्याच्या हातात पट्टी द्यायची, एवढंच त्याचं काम. आठ वर्षं विंडोज ७ च्या मशिनवर बिनबोभाट चाललं. गेल्या महिन्यात मशिन बसलं, विंडोज ११ चं नवीन आलं. (विंडोज १० घेण्यात अर्थ नव्हता, मायक्रोसॉफ्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा आधार काढून घेणार होतं.) त्याच सुमारास काटाही नवीन घेतला. मग मीही हौसेनं प्रोग्राममध्ये चार सुधारणा केल्या. म्हणजे मशिन, काटा आणि कोड, तिन्ही एकदम बदलले, आणि तेही हंगामाच्या तोंडावर. असं कोणी करू नये हे मला माहीत होतं.

नोंदवहीचा एक नियम ठरवलाय. आधी दिवाणजींचं म्हणणं जसंच्या तसं लिहायचं, त्याखाली मी डोळ्यांनी काय पाहिलं ते, आणि माझा अंदाज सगळ्यात शेवटी. गेल्या वर्षी त्यांनी फोनवर "पट्टी येत नाही" असं सांगितलं, मी वहीत "प्रिंट येत नाही" असं लिहिलं आणि दोन दिवस प्रिंटरच्या मागे लागलो. पट्टी यादीतच येत नव्हती, प्रिंटर बिचारा ठणठणीत होता.

जुना कोड म्हणजे हरिपूरचं पेव, हळद साठवायचं जमिनीखालचं कोठार. झाकण काढल्याकाढल्या आत उतरायचं नसतं, आधी कोंडलेली हवा जाऊ द्यायची.

५ मार्च, बुधवार

दिवाणजी: "शेतकऱ्यांची जुनी यादी उघडंना. लई मोठं इंग्रजी येतंय."

पाहिलं: जेट ओएलईडीबी ४.० प्रोव्हायडर (अॅक्सेसच्या जुन्या फाइली वाचून देणारा भाग) या मशिनवर नोंदलेला नाही, असा संदेश. यादी अजून अॅक्सेसच्या जुन्या एमडीबी फाइलीत आहे.

संदेश दिशाभूल करतो. प्रोव्हायडर विंडोजबरोबर आलेलाच असतो, पण तो फक्त ३२ बिटचा आहे. जुनं विंडोज ३२ बिटचं होतं, त्यामुळे प्रश्न कधी आलाच नाही. मी बिल्ड 'एनी सीपीयू' (मशिन ज्या बिटचं, त्या बिटमध्ये चाल) ठेवलं होतं, नव्या मशिनवर प्रोग्राम ६४ बिटमध्ये उठला आणि ६४ बिटच्या प्रोग्रामला ३२ बिटचा प्रोव्हायडर दिसत नाही. प्लॅटफॉर्म एक्स८६, म्हणजे ३२ बिट, केला, पंधरा मिनिटांत काम झालं. अशा वेळी लोक घाईनं अॅक्सेसचं नवीन इंजिन आणून टाकतात, मग ते आधीच्या ऑफिसच्या बिटशी भांडतं आणि एकाचे दोन प्रश्न होतात. यादी एकदाची एस्क्यूलाइटमध्ये आणायला हवी. हंगाम संपल्यावर.

८ मार्च, शनिवार

दिवाणजी: "काट्याची खिडकी बंद केली की समदंच लटकतंय. पण दरवेळी न्हाई. मी हळू बंद केली तर होत न्हाई."

पाहिलं: दुकानात जाऊन बसलो. अकरा वेळा उघडबंद केली, तीनदा लटकलं. शीर्षकपट्टीवर 'नॉट रिस्पॉन्डिंग', खिडकी पांढुरकी. टास्क मॅनेजरमध्ये सीपीयू शून्य. ही महत्त्वाची खूण. प्रोग्राम गोल गोल फिरत असता तर सीपीयू वापरला गेला असता. शून्य म्हणजे कोणीतरी कोणाची तरी वाट बघत बसलंय.

"हळू बंद केली" म्हणजे काय, ते आधी कळेना. मग त्यांना करून दाखवायला लावलं. ते काट्यावरचं पोतं उतरू देतात, आकडा शून्यावर स्थिर होऊ देतात, मग खिडकी बंद करतात. वेगाचा संबंधच नाही. आकडा हलत असताना बंद केली की लटकतं, स्थिर असताना बहुतेक वेळा नाही.

घरी येऊन शंभर वेळा उघडबंद केलं, एकदाही लटकलं नाही. घरी काटाच नाही तर लटकणार कुठून!

९ मार्च, रविवार

सकाळी खोटा काटा तयार केला. कॉम-झिरो-कॉम नावाचं मोफत साधन आहे, ते मशिनमध्ये दोन नकली सिरियल पोर्ट तयार करून एकमेकांना जोडतं. एका टोकाला माझा प्रोग्राम, दुसऱ्या टोकाला चाळीस ओळींचा छोटा प्रोग्राम, जो सेकंदाला दहा वजनं ओततो. नवा काटा असाच अखंड ओतत राहतो. जुना बटण दाबल्यावर एकदाच पाठवायचा. पाचव्या प्रयत्नाला प्रोग्राम लटकला. आनंदानं चहा टाकला.

लटकलेल्या अवस्थेत डीबगरमध्ये (चालू प्रोग्राम थांबवून आत बघायचं साधन) 'ब्रेक ऑल' करून थ्रेडची खिडकी उघडली. थ्रेड म्हणजे प्रोग्राममध्ये एकाच वेळी स्वतंत्र चालणारं काम. दोनच थ्रेड महत्त्वाचे. मुख्य थ्रेड, म्हणजे पडदा सांभाळणारा, सिरियल पोर्टच्या 'क्लोज' या ओळीवर उभा. दुसरा थ्रेड, काट्याकडून आकडा आणणारा, 'इन्व्होक' या ओळीवर उभा.

गोष्ट अशी. काट्यावरून माहिती आली की डॉटनेटचा (सी शार्पचे प्रोग्राम ज्यावर चालतात तो पाया) सिरियल पोर्ट ती आपल्याला वेगळ्या थ्रेडवर देतो. पडद्यावरच्या चौकटीला मात्र फक्त मुख्य थ्रेडनंच हात लावायचा, असा नियम आहे. मोडला तर डीबगरखाली 'क्रॉस-थ्रेड ऑपरेशन' म्हणून अपवाद (म्हणजे प्रोग्राम अडवणारी चूक) फेकला जातो. म्हणून आकडा आणणारा थ्रेड मुख्य थ्रेडला 'इन्व्होक' करून सांगतो, "एवढा आकडा लाव, तोवर मी इथंच थांबतो." नेमक्या त्याच क्षणी दिवाणजींनी खिडकी बंद केली तर मुख्य थ्रेड 'क्लोज' म्हणतो, आणि 'क्लोज' चालू असलेलं आकड्याचं काम संपेपर्यंत परतत नाही. आकड्याचं काम तर मुख्य थ्रेड मोकळा होईपर्यंत संपणार नाही. उसाच्या दोन ट्रॉल्या शेताच्या एकाच बांधावर समोरासमोर यायच्या आणि दोन्ही ड्रायव्हरांनी इंजिन बंद करून दुसरा मागं घेईल म्हणून बिडी पेटवायची, तसं झालं.

उपाय एका शब्दाचा: 'इन्व्होक' काढून 'बिगिन-इन्व्होक'. म्हणजे निरोप ठेवून पुढं जायचं, उत्तराची वाट बघायची नाही. पण नुसतं तेवढं करून भागलं नाही. खिडकी मेल्यावरही एखादा निरोप यायचा आणि 'विंडो हँडल तयार झालेलं नाही' असा अपवाद पडायचा. म्हणून क्रम लावला: आधी 'माहिती आली' या घटनेची नोंदणी काढायची, मग पोर्ट बंद, मग खिडकी. शिवाय निरोप ठेवण्याआधी खिडकी जिवंत आहे का ते विचारायचं. खोटा काटा लावून पाचशे वेळा आपोआप उघडबंद केली. एकदाही लटकलं नाही.

हा दोष कोडमध्ये २०१७ पासून होता. जुना काटा गप्प असायचा म्हणून निभावलं.

१२ मार्च, बुधवार

दिवाणजी: "एका पोत्याचं वजन २.४० आलं. तोलार म्हणाला, हे पोतं हाय का उशी?"

हे ऐकून पोटात गोळा आला. खिडकी लटकली तर दिवाणजी माझ्या नावानं खडे फोडतात, वजन चुकलं तर शेतकऱ्याचे पैसे जातात. तोलारानं पाहिलं म्हणून वाचलो. सगळ्या पट्ट्या तपासायला घेतल्या. दहा किलोच्या खालचं पोतं एवढं एकच. पण ५२ च्या जागी ५ आलं तरच ते डोळ्यात भरतं. ५२.४० च्या जागी ५२.४ आलं तर फरक नाही, आणि ५२ आलं तर ४०० ग्रॅम गेले आणि कोणालाच कळणार नाही. सौद्यानंतरच्या सगळ्या पोत्यांची तोलाराच्या कच्च्या वहीशी ताडणी केली. रात्री अकरा वाजले. आणखी एकही चूक नाही, पण झोप लागायला वेळ लागला.

कारण: ९६०० बॉडला (सेकंदाला ९६०० बिट) एका अक्षरासाठी दहा बिट जातात, म्हणजे सेकंदाला ९६० अक्षरं. काट्याचा एक संदेश बारा अक्षरांचा, तो पूर्ण यायला साधारण साडेबारा मिलिसेकंद लागतात. 'माहिती आली' ही घटना मात्र संदेश पूर्ण व्हायची वाट बघत नाही, अर्ध्यातही उठते. मी घटना उठल्याबरोबर हाताला लागेल तेवढं वाचून त्याचा आकडा करत होतो. '५' मागच्या वाचनात गेला आणि '२.४०' पुढच्यात आला.

जुन्या कोडमध्ये याच जागी शंभर मिलिसेकंदांची झोप घातलेली सापडली. शेजारी माझ्याच हातची टीप: "इथे थांबणं गरजेचं. का ते माहीत नाही." एका वेळी एकच संदेश येत असताना शंभर मिलिसेकंदांत तो पुरा व्हायचा, म्हणून झोप लागू पडली. अखंड ओघात झोपून उठलं तरी आपण कुठल्यातरी संदेशाच्या मधोमधच उभे असतो.

आता आलेलं सगळं आधी एका बफरमध्ये साठवतो. सुरुवातीची खूण ते शेवटची खूण असा पूर्ण तुकडा मिळाला तरच उचलतो, त्याची लांबी मोजतो, आणि लागोपाठ तीन वाचनं सारखी आली तरच वजन 'धरतो'. पोतं डुलत असेल तर आकडा राखाडी, स्थिर झाला की हिरवा. दहा किलोच्या खाली किंवा शंभरच्या वर वजन आलं तर प्रोग्राम विचारतो. दिवाणजींना हे विचारणं आवडलेलं नाही, पण ते राहील.

१७ मार्च, सोमवार

दिवाणजी: "काटा मेला."

मेला नव्हता. झाडताना कोणीतरी वायर काढली आणि शेजारच्या यूएसबी भोकात लावली. आमच्या यूएसबी-सिरियल जोडणीला स्वतःचा वेगळा क्रमांक नाही, त्यामुळे भोक बदललं की विंडोज ती नवीन समजतं आणि कॉम ३ चं कॉम ५ होतं. कोडमध्ये कॉम ३ पक्का लिहिलेला. आता सुरुवातीला हजर असलेले सगळे पोर्ट तपासून ज्यावर काट्याच्या घाटाचा संदेश येतो तो धरतो. तोवर भोकाभोवती खडूनं गोल काढून आलोय.

२० मार्च, गुरुवार

दिवाणजी: "चार वाजता पडतंय. रोज. बंद करून उघडलं की परत चांगलं. पण मंगळवारी आवक कमी होती, तवा पडलं न्हाई."

शेवटचं वाक्य ते सहज बोलून गेले. सगळा उलगडा त्यातच होता, पण मला कळायला दोन तास लागले. 'चार वाजता' या शब्दांना मी धरून बसलो. बॅकअप चारला चालतो का, अँटिव्हायरस, विंडोज अपडेट, असं सगळं बघून झालं. वेळेचा संबंधच नव्हता. संबंध पोत्यांचा होता.

पाहिलं: पडण्याआधी मोठ्या आकड्याच्या चौकटीत आकड्याऐवजी पांढऱ्यावर तांबडी फुली. विनफॉर्म्समध्ये एखादी चौकट स्वतःला रंगवताना कोसळली की अशी फुली येते. लॉगमध्ये तो प्रसिद्ध संदेश, 'जीडीआय प्लसमध्ये सर्वसाधारण चूक झाली'. (जीडीआय म्हणजे विंडोजची पडद्यावर चित्रं काढायची यंत्रणा.) आजाऱ्याला काय होतंय असं विचारलं आणि तो "बरं नाही" म्हणाला, एवढाच त्या संदेशाचा उपयोग.

टास्क मॅनेजरमध्ये 'डिटेल्स'मध्ये जाऊन 'जीडीआय ऑब्जेक्ट्स' हा रकाना चालू केला. हा रकाना मुळात लपवलेला असतो, तो कोणी तिथं लपवला देव जाणे. सकाळी दहाला १९०. अकराला १,६४०. समोर बसून पाहिलं तर पोतं काट्यावर चढलं की आकडा वीस-पंचवीसनं वाढायचा, आणि पोतं उतरलं तरी कमी व्हायचा नाही. एका प्रोसेसला विंडोज मुळात १०,००० जीडीआय ऑब्जेक्ट देतं. चारशे पोत्यांच्या आसपास कोटा संपतो. आवकेच्या दिवशी चारशे पोती चारच्या सुमाराला होतात.

गळती कुठली तेही लगेच सापडलं, कारण ती माझीच नवीन हौस. हमालांना लांबून वजन दिसावं म्हणून मोठे आकडे चित्र काढून दाखवतो. ते चित्र चौकटीत लावताना 'गेट-एचबिटमॅप' करून त्यावरून पुन्हा नवीन चित्र तयार करणारी ओळ कुठूनतरी उचलून टाकली होती. 'गेट-एचबिटमॅप' विंडोजकडून एक कच्चं हँडल (चित्राचा विंडोजमधला क्रमांक) आणून देतं आणि ते परत करायची जबाबदारी आपली असते, 'डिलीट-ऑब्जेक्ट' म्हणून. डॉटनेटचा कचरावाला (नको झालेली मेमरी आपोआप मोकळी करणारा) तिकडे फिरकतच नाही, त्याच्या लेखी तो फक्त एक आकडा आहे. मुळात त्या ओळीची गरजच नव्हती, चित्र थेट लावता येतं. ओळ काढली, आणि चौकटीतलं जुनं चित्र बदलताना त्याला 'डिस्पोज' केलं. संध्याकाळी ४१० पोत्यांनंतर आकडा २०५.

जाताजाता न पकडलेले अपवाद टिपणारे दोन्ही सापळे बसवले, एक मुख्य थ्रेडसाठी, एक बाकीच्यांसाठी. पहिल्यानं फक्त पडद्याच्या थ्रेडवरचे सापडतात, हे बरेच जण विसरतात. मीही विसरलो होतो.

२६ मार्च, बुधवार

दिवाणजी: "कऱ्हाडचे शेतकरी निम्मेच दिसायलेत. बाकीचे कुठं गेले?"

आजचा दोष पक्का मराठी, त्यामुळे मजा आली. शोधाच्या चौकटीत 'कऱ्हाड' टाकलं की ३१ नावं. पत्त्यानुसार यादी लावून हातानं मोजली तर ५८. पडद्यावर सगळीकडे 'कऱ्हाड' एकसारखंच दिसतं.

अक्षरांचे युनिकोड क्रमांक छापून बघितले, तेव्हा एकाच गावाची तीन रूपं निघाली. दिवाणजी इन्स्क्रिप्टवर टंकतात, तिथं शिफ्ट आणि जे दाबलं की सरळ 'ऱ' येतो, एकच अक्षर, यू+०९३१. शेठांचा मुलगा रोमन अक्षरांवरून मराठी उमटवतो. त्याच्याकडून साधा र, हलन्त, आणि मध्ये न दिसणारा जोडणारा, शून्य रुंदीचा, यू+२००डी, असं आलेलं. रफार न होता अर्धा र दिसतो तो त्या अदृश्य जोडणाऱ्यामुळे. तिसरं रूप जुन्या बिगर-युनिकोड फाँटमधली यादी बदलून घेतली तेव्हाचं: र आणि खाली नुक्ता (टिंब), दोन वेगळी अक्षरं.

डॉटनेटचं 'नॉर्मलाइज' तिसरं रूप पहिल्यात बसवतं, कारण युनिकोडच्या लेखी र अधिक नुक्ता आणि ऱ हे एकच आहेत. दुसऱ्या रूपाला मात्र ते हात लावत नाही, ते त्याच्या लेखी वेगळंच लेखन आहे. ते मला हातानं बदलावं लागलं: 'र, हलन्त, जोडणारा' दिसलं की 'ऱ, हलन्त'. शेतकऱ्याचं नाव त्यानं सांगितलं आणि दिवाणजींनी लिहिलं तसंच ठेवलंय, त्याला धक्का नाही. शोधण्यासाठी वेगळा रकाना केला, त्यात धुतलेलं रूप. शोधशब्दही त्याच फंक्शनमधून धुवून घेतो. गोऱ्हे, वऱ्हाडे, बऱ्हाटे सगळे एका झटक्यात जागेवर आले. ५८ च्या ५८.

दिवाणजींना अभिमानानं दाखवलं. ते म्हणाले, "आणि ज्यांनी नुसतं कराड लिवलंय ते?"

त्यावर युनिकोडकडे उत्तर नाही. गावांची यादी करून प्रत्येकाला क्रमांक द्यावा लागेल. नोंद करून ठेवतो.

३१ मार्च, सोमवार

काल पाडवा झाला, आज वर्षअखेर. दुपारी हमाली-तोलाईच्या वजावटीची बेरीज दिवाणजींच्या रोजमेळाशी जुळेना. १९ रुपयांचा फरक.

दिवाणजी: "तुमचं कधी जुळतंय, कधी रुपायानं कमी. जास्त कधीच न्हाई."

'जास्त कधीच नाही' हे ऐकून निम्मी शंका फिटली. यादृच्छिक चूक दोन्हीकडे झुकली असती. फेब्रुवारीत मी कोडची साफसफाई करताना पन्नास पैसे मिळवून खालचा पूर्णांक घ्यायची जुनी गावठी पद्धत काढली आणि तिथं डॉटनेटचं 'राउंड' घातलं. ते मुळात बँकेच्या पद्धतीनं चालतं, बरोबर मधला आकडा असेल तर सम पूर्णांकाकडे जातं. १,८४३.५० चे १,८४४ होतात, तिथं दिवाणजींशी जुळतं. १,८४२.५० चे मात्र १,८४२, तिथं रुपया कमी. यार्डात पन्नास पैसे वरच जातात. 'शून्यापासून दूर' असा पर्याय त्या फंक्शनला स्पष्ट सांगावा लागतो, सांगितला.

पैशासाठी 'डबल' न वापरता 'डेसिमल' वापरायचं एवढं शहाणपण २०१७ साली केलेलं आहे. 'डबल'मध्ये ४.३५ ला १०० नं गुणलं की ४३४.९९९ असं काहीतरी येतं आणि पूर्णांक घेतला की ४३४. पण एस्क्यूलाइटला डेसिमल माहीतच नाही, ते आतमध्ये तरंगता अंकच ठेवतं. म्हणजे दारातून हाकललेलं खिडकीतून आत. आता रक्कम पैशांत, पूर्णांक म्हणून साठवायची. डेटा बदलायला रात्री बसलो.

बसण्याआधी बॅकअप तपासला, बरं झालं. दिवाणजी रोज मुख्य फाइल पेनड्राइव्हवर घेतात, प्रोग्राम चालू असतानाच. मी फेब्रुवारीत 'वॉल' पद्धत चालू केली होती, तिच्यात ताज्या नोंदी शेजारच्या दुसऱ्या फाइलीत थांबतात. पेनड्राइव्हवरच्या प्रतीत त्या दिवसाच्या बऱ्याच पट्ट्या नव्हत्याच. आता बटण दाबलं की 'व्हॅक्यूम इन्टू' या आदेशानं एकसंध प्रत निघते. पेनड्राइव्हवरची प्रत मी स्वतः उघडून शेवटची पट्टी बघितली.

७ एप्रिल, सोमवार

दिवाणजी: "नव्या वर्षाच्या पट्ट्या न्हाईत. चार तारखेच्या तेवढ्या दिसत्यात."

शेठांचे मेहुणे अमेरिकेहून आले, येताना लॅपटॉप आणला. १ एप्रिलपासून पट्ट्या त्यावर करतात. हे मला आज कळलं.

चारच तारीख का? हा प्रश्न कागदावर लिहिला आणि उत्तर समोरच आलं. ०४/०४ उलटं वाचलं तरी तेच. लॅपटॉपचं रीजन अमेरिकन, तिकडे महिना आधी. माझ्या कोडमध्ये तारखेची साधी चौकट आणि 'डेटटाइम पार्स', जे मशिनच्या रीजनवर विसंबतं. १ एप्रिलची पट्टी ४ जानेवारीत गेली, २ ची ४ फेब्रुवारीत, ३ ची ४ मार्चमध्ये, म्हणजे तिन्ही बंद झालेल्या आर्थिक वर्षात. ५ ची ४ मे ला, आजची ४ जुलैला. कुठेही अपवाद नाही, चूक नाही, प्रोग्राम खुशीत. १३ तारखेला तेरावा महिना सापडला नसता तेव्हा कुठे ओरडला असता.

दुरुस्ती: तारीख निवडायची चौकट बसवली. साठवताना वर्ष-महिना-दिवस असा एकच साचा, वाचताना तोच साचा 'पार्स एग्झॅक्ट'नं, आणि 'इन्व्हेरियंट' संस्कृती (कुठल्याच रीजनवर न विसंबणारी मांडणी) सांगून. ती न सांगता साच्यात तिरकी रेघ लिहिली तर डॉटनेट तिच्या जागी त्या मशिनच्या रीजनचं चिन्ह घालतं, भारतीय रीजनमध्ये आडवी रेघ. या एका गोष्टीवर मी पूर्वी अर्धा दिवस घालवलाय.

चुकलेल्या पट्ट्या परत आणताना थोडी भीती होती, कारण ४ मार्चच्या खऱ्या पट्ट्याही त्याच दिवशी पडून आहेत. नोंद केल्याची वेळ प्रोग्राम स्वतः वेगळ्या रकान्यात लिहितो, तिच्यावरून वेगळ्या केल्या. ६३ पट्ट्या. प्रत्येक कागदी प्रतीशी ताडून दिवाणजींनी बरोबरची खूण केली, मी मागे उभा.

११ एप्रिल, शुक्रवार

लॅपटॉपचा पडदा १५० टक्क्यांवर, बटणांवरची मराठी अक्षरं खालून कापली जातात. उकार तर गायबच. मॅनिफेस्ट आणि कॉन्फिग या प्रोग्रामच्या मांडणीच्या फाइलींत डीपीआयची (पडद्यावर किती मोठं दिसावं याची) नोंद घालून पाहिली. तीन खिडक्या सुधारल्या, चौथी बिघडली. टक्का १०० वर आणून ठेवलाय. हंगामानंतर.

१५ एप्रिल, मंगळवार

दिवाणजींनी आज फोन केला नाही. संध्याकाळी गेलो तेव्हा वाया गेलेल्या पट्टीच्या मागे लिहून ठेवलेलं दिलं:

"दु. ३.४०. पोती ३८६. काटा चालू. प्रिंटर बंद. छापा बटन दाबलं, ४० पर्यंत मोजलं, मग खिडकी आली. प्रिंटर चालू केला तर लगेच येते. लॅपटॉपवर होत न्हाई."

चिठ्ठी इथं चिकटवली. पाहिलं: प्रिंटर बंद ठेवून मोजलं, मला ३८ सेकंद लागली. सीपीयू पुन्हा शून्य. खिडकी उघडताना मी प्रिंटरला कागदाचे आकार विचारतो, तेही मुख्य थ्रेडवर. दुकानातला प्रिंटर दुसऱ्या मशिनवरून शेअर केलेला आहे, लॅपटॉपला नुसतं पीडीएफ जोडलंय. अंदाज: विंडोज बंद प्रिंटरच्या उत्तराची वाट बघतं. उद्या ती विचारणा वेगळ्या थ्रेडवर काढून पुन्हा मोजायचं.